अण्णांचा लूप मोडीत काढू नका

काका, सप्रेम नमस्कार.

आम्ही सांगलीला राहतो. माझे सासरे, अण्णा, ८१ वर्षांचे आहेत. दोन्ही कानांना कानामागची मशीन आहेत. २०१३ साली लेस्टरच्या नणंदबाईंनी त्यांच्यासाठी एक लूप आणला होता. एक छोटा डबा आणि तारेचं वेटोळं. वायरमनने ती तार हॉलच्या चारी भिंतींना फरशीलगत पट्टीतून फिरवून दिली. मशीन 'टी'वर केलं की अण्णांना टीव्ही थेट कानात ऐकू यायचा. इतक्या वर्षांत आवाजावरून आमच्या घरात एकदाही भांडण झालं नाही.

या दिवाळीत ह्यांनी ४३ इंची स्मार्ट टीव्ही घेतला आणि सगळं बिनसलं. नव्या टीव्हीला हेडफोनचं भोकच नाही. मुलाने ऑनलाइन एक ऑप्टिकल वायर आणि छोटी काळी डबी मागवून जोडणी केली. गंमत अशी, की सेट-टॉप बॉक्सवरच्या बातम्या अण्णांना स्वच्छ ऐकू येतात, पण रात्री मुलगा टीव्हीतल्या ॲपवर सिनेमा लावतो तेव्हा कानात नुसतं चर्र चर्र, नाहीतर एकदम शांत. शिवाय सारखी भुणभुण येते म्हणतात. टीव्हीबरोबर त्यांना मागे कलणारी आरामखुर्चीही घेतली. तीत रेलल्यावर आवाज कमी होतो अशी त्यांची तक्रार. ह्यांचं म्हणणं, वयामुळे त्यांना तसं वाटतं.

दुकानदार म्हणाला, हे जुनं झालं, टाकून द्या. कानाच्या मशीनवाल्यांनी ब्लूटूथची नवी जोडी दाखवली. किंमत ऐकल्यावर अण्णा म्हणाले, "माझं आता राहिलंय काय ऐकायचं?" तेव्हापासून संध्याकाळी ते आतल्या खोलीत जाऊन बसतात. नवी मशीन घ्यावीत की काय करावं?

एक सून, सांगली

*

ताई,

आधी अण्णांना माझा निरोप द्या. खुर्चीबद्दल ते सांगतात ते अगदी बरोबर आहे, वयाचा त्यात काडीचा संबंध नाही. पुढचे दोन परिच्छेद तुमच्या यजमानांना मोठ्याने वाचून दाखवा.

लूपमध्ये आवाज हवेतून जातच नाही. डब्यातला ॲम्प्लिफायर टीव्हीच्या आवाजाबरहुकूम तारेतून वीज खेळवतो. त्या विजेमुळे हॉलभर एक हलकं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि आवाजाबरोबर ते कमीजास्त होत राहतं. अण्णांच्या मशीनमध्ये काडीएवढ्या गाभ्यावर केसासारख्या तारेचे वेढे घातलेली एक इवलीशी गुंडाळी आहे, ती हे चढउतार पकडते. तिला टी-कॉइल म्हणतात. 'टी' टेलिफोनचा. जुन्या फोनच्या रिसीव्हरमधून थोडं चुंबकत्व बाहेर झिरपायचं, ते उचलून कमी ऐकू येणाऱ्या माणसाला फोनवर बोलता यावं, यासाठी ती मशीनमध्ये आली. खोलीभर तार फिरवायची कल्पनाही आजची नाही. ब्रिटनमध्ये जोसेफ पोलियाकॉफ नावाच्या इंजिनिअरने १९३७ सालीच तिचं पेटंट घेतलं होतं.

आता खुर्चीचं. हॉलच्या मधल्या भागात हे क्षेत्र उभं असतं, फरशीकडून छताकडे. ताठ बसलेल्या माणसाच्या कानामागे टी-कॉइलही उभीच असते, म्हणून दोघांचं जमतं. डोकं मागे कललं की कॉइलही कलते. साठ अंशांनी कलली की तिच्या हाती निम्मंच लागतं, आणि माणूस पार आडवा झाला की जवळजवळ काहीच नाही. शाळेत कोसाइन शिकून आपण विसरून गेलो, अण्णांच्या कानाने तो बरोबर मोजला! पटत नसेल तर टीव्ही चालू ठेवून त्यांना आधी ताठ बसवा, मग हळूहळू खुर्ची मागे घ्या आणि कुठे आवाज पडतो ते त्यांनाच विचारा. उपाय बिनपैशाचा आहे. पाठ कलती राहू दे, पण मानेमागे अशी उशी द्या की डोकं सरळ राहील. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली असेल तर तीही दोन हात पुढे ओढा. तारेच्या ऐन वर क्षेत्र आडवं पडलेलं असतं, तिथे ताठ बसूनही आवाज बारीकच येतो. जुनी खुर्ची बहुधा हॉलच्या मध्याकडे असणार आणि नवी मोठी म्हणून कडेला सरकली असणार. माझा अंदाज आहे, चुकला असेल तर सोडून द्या.

आता टीव्ही. तुमच्या मुलाने बरंचसं काम बरोबर केलंय, त्याला आधी शाबासकी द्या. दुकानदारापेक्षा त्याला जास्त कळतं. राहिलाय तो मेनूतला एक शब्द बदलायचा.

जुन्या टीव्हीच्या पाठीवर लाल, पांढरी, पिवळी भोकं असायची आणि शेजारी हेडफोनचं. त्यातून जो आवाज बाहेर यायचा तो म्हणजे विजेचा सरळसोट चढउतार. लूपच्या ॲम्प्लिफायरला तेवढाच कळतो. नवे टीव्ही कागदासारखे पातळ झाले, त्यात कंपन्यांनी पाठीवरची भोकं एकेक करून बुजवली, आणि आवाज बाहेर काढायची वाट ठेवली ती आकड्यांची. ऑप्टिकल वायरीच्या टोकाशी लाल उजेड दिसतो ना, तो इतक्या झपाट्याने लुकलुकत असतो की आपल्या डोळ्याला सलग वाटतो. त्या लुकलुकण्यातच आवाजाचे आकडे असतात. काळी डबी ते वाचते, त्यांचा पुन्हा विजेचा चढउतार करते आणि लाल-पांढऱ्या पिनांमधून लूपच्या डब्याला देते. बाजारात या डबीला 'डॅक' म्हणतात. हजार रुपयांच्या आत मिळते.

मेख अशी, की हे आकडे दोन तऱ्हांनी लिहिलेले असू शकतात. एक पीसीएम, म्हणजे सुटे, उघडे आकडे, जसेच्या तसे. दुसरे डॉल्बीसारखे, म्हणजे पाच-सहा स्पीकरांचा आवाज दाबून, घड्या घालून एका गठ्ठ्यात बांधलेला. गठ्ठा सोडवायची किल्ली महागड्या साउंडबारमध्ये असते, तुमच्या स्वस्त डबीत नसते. बातम्यांचा आवाज साध्या दोन स्पीकरांचा, तो टीव्ही पीसीएममध्ये पाठवतो, डबी वाचते, अण्णा खूश. ॲपवरचा सिनेमा डॉल्बीत येतो, आणि टीव्ही 'ऑटो'वर असेल तर तो गठ्ठा तसाच पुढे ढकलतो. डबी बिचारी तो उघडे आकडे समजून वाचायला जाते आणि चर्र चर्र करते. थोडी शहाणी डबी असेल तर गप्प बसते. बातम्या ठीक आणि सिनेमा गप्प, हे लक्षण वाचल्यावर मला दुसरं काही शोधायची गरजच पडली नाही.

तेव्हा रिमोट घ्या, सेटिंग्जमध्ये जा, तिथून साउंडमध्ये. काही टीव्हींत त्याच्याही आत 'ॲडव्हान्स्ड' किंवा 'एक्स्पर्ट' असा एक कप्पा असतो. तिथे 'डिजिटल ऑडिओ आउट', 'डिजिटल आउटपुट' किंवा तत्सम नावाची ओळ सापडेल. तिच्यापुढे ऑटो, पासथ्रू, बिटस्ट्रीम, डॉल्बी असं काहीही असलं तरी ते बदलून पीसीएम करा. मग टीव्ही स्वतःच गठ्ठा सोडतो आणि डबीला सुटे आकडे देतो. सेट-टॉप बॉक्सच्या मेनूतही ऑडिओची अशीच वेगळी सेटिंग असते. एखादं एचडी चॅनल पुढेमागे गप्प झालं तर तिथेही पीसीएम किंवा स्टिरिओ निवडा. एवढं करूनही एखाद्या सिनेमात आवाज नाहीच आला तर त्या ॲपमध्ये भाषा निवडतो तिथे बघा. नावापुढे ५.१ लिहिलेलं असेल तर ते सोडून साधी भाषा घ्या.

हसू नका, पण हे मला माझ्याच घरी कळायला अख्खी दुपार गेली होती. चाळीस वर्षं सोल्डरिंग आयर्न हातात धरलेल्या माणसाने आधी वायर बदलली, मग डबी बदलली, मग नवीच वायर सदोष म्हणून विकणाऱ्याला शिव्या घातल्या. चौथीतली नात शाळेतून आली, मेनूत शिरली आणि विचारलं, "आजोबा, हे पीसीएम काय असतं?" दाबलं, आणि आवाज आला. माझे दोन्ही कान आता मशीनवर आहेत, त्यामुळे ती खुदकन हसली तेही नीट ऐकू आलं.

या जोडणीचा एक फायदा तुमच्या पत्रात कुठे दिसला नाही, तो सांगतो. हेडफोनच्या भोकात पिन घातली की पुष्कळ टीव्हींचे स्पीकर आपोआप बंद व्हायचे. जुन्या टीव्हीत तुमच्या वायरमनने काहीतरी जुगाड केला असणार, नाहीतर बाकीच्यांनी काय ऐकलं असतं? ऑप्टिकलचं तसं नाही. मेनूत आवाजाचं ठिकाण 'टीव्ही स्पीकर' असंच ठेवून बघा. बऱ्याच टीव्हींत त्याच वेळी ऑप्टिकलमधूनही आवाज चालूच राहतो. काहींत 'टीव्ही स्पीकर आणि ऑप्टिकल' अशी स्वतंत्र ओळ असते, ती निवडायची. आणि बहुतेक ठिकाणी ऑप्टिकलचा आवाज एकाच पातळीवर येतो, रिमोटच्या प्लस-मायनसला तो जुमानत नाही. म्हणजे तुम्ही टीव्ही कितीही बारीक केलात तरी अण्णांच्या कानात तेवढाच. कुणाचा फोन आला म्हणून म्यूट दाबलंत तरी त्यांची बातमी बहुधा चालूच. त्यांना कमीजास्त करायचं असेल तर लूपच्या डब्यावरचं बटण किंवा मशीनवरचं बटण, दोन्ही त्यांच्या हातात. रिमोट कुणाकडे असावा हा प्रश्न आमच्या घरात तिथेच मिटला. तुमच्याकडे मिटेलच असं वचन देत नाही, पण करून बघा.

डबीकडून लूपच्या डब्यापर्यंतच्या लाल आणि पांढऱ्या, दोन्ही पिना जोडल्यात ना, तेही बघून घ्या. लूपला डावा-उजवा असा भेद नसतो, सगळं एकत्र होऊन एकाच तारेत जातं. पण एकच पिन जोडली तर सिनेमातली डाव्या बाजूची किंवा उजव्या बाजूची गंमत गायब होते. बऱ्याच लूप ॲम्प्लिफायरवर आवाजाबरोबर लुकलुकणारा एक दिवा असतो. तो लुकलुकतोय म्हणजे टीव्हीपासून तिथपर्यंत सगळं ठीक आहे, आणि तरी अण्णांना ऐकू येत नसेल तर दोष तारेत किंवा मशीनमध्ये. असं दोन तुकड्यांत शोधलं की अर्धा वेळ वाचतो. ऑप्टिकल वायरीच्या दोन्ही टोकांना कारखान्यातून पारदर्शक प्लास्टिकची टोपणं येतात. ती न काढताच वायर जोडणारे मी पाहिलेत. तुमच्याकडे बातम्या ऐकू येतात म्हणजे टोपणं निघालेली आहेत.

भुणभुणीचं मात्र मला पत्रावरून छातीठोक सांगता येणार नाही. शोधायची रीत सांगतो. अण्णांना नेहमीच्या जागी बसवा, मशीन 'टी'वर ठेवा आणि लूपच्या डब्याचा प्लग भिंतीतून काढा. भुणभुण थांबली का? थांबली, तर ती डबीतून किंवा वायरीतून येतेय. तुमच्या मुलाने डबीला वीज बहुतेक टीव्हीच्याच यूएसबीतून दिली असेल, सोयीचं म्हणून सगळे तसंच करतात. ऑप्टिकल वायर ही नुसती उजेडाची नळी आहे, त्यातून वीज जात नाही, त्यामुळे टीव्ही आणि ॲम्प्लिफायर एकमेकांपासून अलग राहतात, हा तिचा मोठा गुण. यूएसबीची वायर लावली की तो अलगपणा मोडतो आणि टीव्हीची घरघर ॲम्प्लिफायरमध्ये शिरायला वाट मिळते. डबीला मोबाइलच्या एखाद्या जुन्या चार्जरवरून वीज द्या. पुष्कळदा तेवढ्याने काम होतं. टीव्ही बंद केल्यावरही ती डबी चालू राहील, पण ती इतकी कमी वीज खाते की त्याची काळजी करू नका.

प्लग काढल्यावरही भुणभुण तशीच राहिली तर लूप निर्दोष. मग ती घरातल्या विजेची आहे. आपली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते आणि तिचंही चुंबकत्व टी-कॉइल इमानेइतबारे पकडते. दिवाळीत टीव्हीबरोबर इन्व्हर्टरही घेतलात का? टीव्हीच्या कपाटाखाली ठेवलात का? इन्व्हर्टर, जुन्या लोखंडी चोकच्या ट्यूबलाइट, पंख्याचे रेग्युलेटर, खुर्चीमागून गेलेली एक्स्टेन्शन बोर्डाची वायर, ही सगळी नेहमीची संशयित मंडळी. अण्णांना खुर्चीत बसवून एकेक बंद करत जा. ते हात वर करतील तिथे चोर सापडला. इन्व्हर्टर असेल तर पलीकडच्या खोलीत हलवा, निदान खुर्चीपासून दहा-बारा फूट लांब. क्वचित एखाद्या जुन्या घरात बटणाकडे जाणारी फेज एका भिंतीतून आणि न्यूट्रल दुसऱ्या भिंतीतून नेलेली असते, मग घरच स्वतः एक मोठा लूप होऊन बसतं. ते वायरमनचं काम.

मुलाला एक ताकीद मात्र द्या. लूपचा डबा कधी बिघडलाच तर ती भिंतीतली तार सोडवून घरातल्या होम थिएटरच्या स्पीकरच्या जागी जोडायची नाही. हे शहाणपण मी स्वतः पैसे मोजून घेतलंय. ऐंशीच्या दशकात आईच्या खिशातल्या मशीनला 'टी'चं बटण होतं, म्हणून मी दिवाणखान्यात घंटीची तार फिरवली आणि दुकानातला साधा ॲम्प्लिफायर तिला जोडला. आईला गाणं ऐकू आलं, तिने हात जोडले, आणि तिसऱ्या मिनिटाला दोन २एन३०५५ ट्रान्झिस्टर धूर सोडून गेले. कारण साधं. स्पीकर चार किंवा आठ ओहमचा असतो. बारा बाय पंधराच्या हॉलभोवती एक चौरस मिलीमीटरची तांब्याची तार एकदा फिरवली तर तिचा रोध जेमतेम ०.३ ओहम भरतो. साध्या ॲम्प्लिफायरला ते शॉर्ट सर्किटच. लूपचा ॲम्प्लिफायर मुळातच एवढ्या कमी रोधाच्या तारेत ठरलेला करंट ढकलायला बनवलेला असतो. शिवाय बहुतेकांत आवाज सावरून घ्यायची सोय असते, त्यामुळे जाहिरात लागल्यावर कानठळ्या बसत नाहीत. लेस्टरहून आलेल्या डब्याला इथली वीजही मानवते. तिकडेही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच आहेत, फरक फक्त पिनेच्या आकाराचा. म्हणून म्हणतो, तो डबा जपा. असा ॲम्प्लिफायर आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही.

आता नव्या मशीनचं. टीव्हीसाठी म्हणून घेऊ नका. अण्णांची सध्याची मशीन त्यांना बोलणं ऐकायला पुरतात का, एवढंच विचारा. पुरत असतील तर विषय संपला. पुरत नसतील, ऐकणं आणखी उतरलं असेल, तर ऑडिओलॉजिस्टकडून आधी तपासणी करून घ्या आणि मग नवी घ्या, पण ती कानासाठी.

ब्लूटूथला मी नावं ठेवत नाही. आजकाल बहुतेक मोठ्या कंपन्या स्वतःची टीव्हीची डबी विकतात. ती टीव्हीला जोडली की आवाज बिनतारी मशीनमध्ये जातो, चांगला जातो, आणि माणूस आडवा झोपला तरी जातो! पण फोनाकची डबी ओटिकॉनच्या मशीनशी बोलत नाही, आणि उद्या मशीन बदललं की डबीही बदलावी लागते. लूपचं तसं नाही. 'टी' असलेलं कुठल्याही कंपनीचं मशीन त्यात चालतं. अण्णांचे कुणी मित्र 'टी'चं मशीन लावून बुद्धिबळाला आले तर त्यांनाही त्याच तारेतून सामना ऐकू येईल. दुकानात कधीकधी स्वस्तातला उपाय म्हणून साधा ब्लूटूथ ट्रान्समीटर आणि वरून घालायचे हेडफोन दाखवतात. ते कानामागच्या मशीनवर बसवले की मशीन शिट्टी मारतं, आणि आवाज ओठांच्या मागून येतो. निवेदिकेने तोंड मिटल्यावर वाक्य संपतं. ओठ बघून निम्मं समजून घेणाऱ्या माणसाला ते सहन होत नाही.

ऑराकास्ट नावाचं नवं ब्लूटूथ आलंय. २०२२ साली त्याची घोषणा झाली. एक टीव्ही आवाज प्रसारित करतो आणि खोलीतली कितीही मशीन तो ऐकू शकतात, कंपनी कुठलीही असो. लूपचीच कल्पना नव्या रूपात आली म्हणा ना. काही नव्या टीव्हींत आणि काही नव्या मशीनमध्ये ती सोय यायला लागली आहे. म्हणून पुढे कधी अण्णांसाठी मशीन घ्यायची वेळ आलीच, तर ऑराकास्ट आहे का हे विचारा आणि त्याच दमात 'टी' आहे का तेही विचारा. दुसरा प्रश्न मी विचारला नव्हता. सुंदर, शेंगदाण्याएवढी, चार्जिंगची जोडी घेऊन घरी आलो, आणि स्वतःच्या हाताने बसवलेल्या लूपमध्ये मला काहीही ऐकू येईना. लहान मशीनमध्ये जागा वाचवायला कंपन्या आधी टी-कॉइल काढतात. विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही. तुमच्या नणंदबाईंना विचारून बघा, तिकडे पोस्टाच्या खिडकीवर, चर्चमध्ये, स्टेशनच्या तिकीट काउंटरला, लंडनच्या काळ्या टॅक्सीतही कानाचं चित्र आणि शेजारी 'टी' असं चिन्ह दिसतं. अण्णा लेकीकडे गेले तर ते तिथे त्यांच्या कामाचं आहे. आपल्याकडे तसं क्वचितच काही दिसतं, म्हणून इथल्या विक्रेत्यांना 'टी'चं महत्त्व वाटत नाही.

सध्याच्या मशीनमध्ये एक गोष्ट मात्र ऑडिओलॉजिस्टकडून करून घेण्यासारखी आहे. 'टी'चे दोन प्रकार लावून देता येतात. नुसता 'टी', म्हणजे मशीनचा माइक बंद आणि कानात फक्त लूप. आणि 'एमटी', म्हणजे लूपही आणि खोलीतलं बोलणंही. अण्णांना बहुधा पहिला लावलेला असेल. मग तुम्ही "जेवायला चला" म्हणून चारदा हाक मारता आणि ते बातम्यांत गढलेले दिसतात. ते दुर्लक्ष नसतं, त्यांचा माइकच बंद असतो. दोन्ही प्रकार बटणावर घालून घ्या. सिनेमाला नुसता 'टी', घरात माणसं बसलेली असतील तेव्हा 'एमटी'. मशीन कॉम्प्युटरला जोडून पाच-दहा मिनिटांत होतं.

इतर वाचकांसाठी दोन शब्द, कारण या विषयावर पत्रं बरीच येतात. तुमच्या टीव्हीला हेडफोनचं भोक असेल तर डबीच्या फंदात पडू नका, तिथून थेट लाल-पांढऱ्यात जाणारी वायर लावा, फक्त स्पीकर बंद होतात का ते बघा. ऑप्टिकलचं चौकोनी भोकही नसेल तर ज्या एचडीएमआय भोकावर एआरसी लिहिलंय ते वापरावं लागतं. त्याला साधा डॅक चालत नाही, एआरसी चालणारी डबी मागा, आणि मेनूत सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांशी बोलायची सोय, चालू करा. सॅमसंग त्याला ॲनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक म्हणतं, सोनी ब्राव्हिया सिंक म्हणतं. एआरसीवर टीव्हीचे स्पीकर बहुतेक वेळा बंद पडतात, म्हणून मी तो शेवटचा उपाय मानतो. फक्त सेट-टॉप बॉक्सच बघणाऱ्यांनी बॉक्सच्या पाठीवर लाल-पांढरं आहे का पाहावं. असेल तर टीव्हीला हात न लावता काम होतं, पण टीव्हीतल्या ॲपचा आवाज तिथून येणार नाही. भिंतीभोवती तार फिरवायची नसेल तर खुर्चीच्या गादीखाली घालायचे किंवा गळ्यात अडकवायचे छोटे लूपही असतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना तेच बरे, कारण चुंबकत्व भिंत आणि स्लॅब मानत नाही. वरच्या मजल्यावरच्या आजींच्या मशीनला 'टी' असेल तर तुमची मालिका त्यांनाही ऐकू येईल.

ताई, तुमचं काम या क्रमाने करा. आज रात्री पीसीएम. उद्या डबीला वेगळा चार्जर. मग उशी. आणि हे सगळं मुलाला अण्णांच्या समोर बसून करू द्या, आतल्या खोलीत जाऊन "झालं, या आता" असं सांगू नका. कुठलं बटण दाबल्यावर काय ऐकू येतं ते अण्णांनीच सांगायचं आहे, त्या कामाला घरात दुसरं कुणी लायक नाही.

लूपचा प्लग काढूनही भुणभुण राहिली, तर हॉलचा साधा नकाशा काढून पाठवा. खुर्ची, टीव्ही, मीटर, इन्व्हर्टर आणि बटणांचे बोर्ड कुठे आहेत तेवढं दाखवा. आणि लूपच्या डब्याच्या पाठीवर जे काही छापलंय त्याचा एक फोटो.